तेल पाजलेला प्याला

सन एकोणीसशे अडतीस. मी बावीस वर्षांचा होतो, लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि गावात माझ्याएवढं कोणाला कळत नाही असं माझं पक्कं मत होतं. शाळा दुसरीपर्यंत. मास्तरांनी एकदा सगळ्यांदेखत माझी पाटी पुसली, तेव्हा उठून घरी आलो तो परत गेलो नाही.

त्या साली आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तहान वाढली. खाचरात काम करता करता घडीघडीला बांधावर येऊन तांब्या तोंडाला लावायचे. अंग उतरलं. अंगठ्याला कुदळ लागली होती, ती जखम दोन महिने ओलीच राहिली. नजर अशी अंधुक झाली की दारात कोण उभं आहे हे आवाजावरून ओळखायचे. मग गोठ्यामागं ते लघवीला बसायचे तिथं मुंग्यांची रांग लागलेली माझ्या बायकोनं पाहिली. भोरच्या डॉक्टरांनी गोड लघवीचा आजार सांगितला. भात बंद, गूळ बंद. आमच्या खोऱ्यात माणसाचा भात बंद करणं म्हणजे त्याला पंगतीतून उठवण्यासारखंच. आबा नाचणीची भाकरी चावत बसायचे आणि आम्ही त्यांच्याकडं पाठ करून भात खायचो.

वरच्या धनगरवाड्यावरून एक म्हातारा पंधरवड्याला तूप घेऊन यायचा. आबांचा जुना सोबती, दोघांत अरे-तुरे. त्यानं आबांना पाहिलं आणि तुपाची किटली खाली ठेवली.

"काय रं, निम्मा कुठं ठिवून आलास?"

"मुंग्यांनी न्हेला," आबा म्हणाले.

म्हातारा हसला नाही. म्हणाला, "बिवळ्याच्या लाकडाचा प्याला कर. सांजच्याला पानी भर, सकाळी पे. पांढरं लाकूड नगं, आतला तांबूस गाभा पायजे. पान्याला रंग आला तर समज औषद उतरलं. न्हाई आला तर नुसतंच पानी."

"आन् प्याला कोन करनार?"

"सुतार हाय की गावात. त्याला अर्ध्या दिसाचं काम."

सुताराचं नाव निघाल्यावर मी तिथून उठलो. त्याचं कारण असं की दीड वर्षापूर्वी माझ्या नांगराचं रुमणं, म्हणजे मुठीचा दांडा, मोडलं होतं. ते मी स्वतः तासून बसवलं आणि दिमाखात नांगर घेऊन निघालो, तर सुतारानं चार माणसांत हात धरून थांबवलं आणि विचारलं, "ह्ये रुमनं हाय, का भाकरी उलटायचं उलथनं?" माणसं हसली. त्या दिवसापासून मी त्याच्या दारावरून गेलो नव्हतो. ओढ्याकडं जायचं तर पाणंदीनं वळसा घालायचो.

तेव्हा प्याला मीच करणार हे ठरलं. गोठ्याची एक जुनी मेढ, म्हणजे खांब, बिवळ्याची होती. ती काढून दुसरी लावली आणि तिचे दोन तुकडे केले. एक माळ्यावर ठेवला, दुसरा घेऊन बसलो. ते लाकूड म्हणजे दगड. तासायचा वाकस उडायचा, पटाशीची धार दिवसातून तीनदा लावावी लागायची. अकरा दिवस लागले. तळ जाड, काठ वाकडा, पण प्याला झाला. काचेच्या तुकड्यानं आतून-बाहेरून घासला. आणि मग आमच्याकडं नव्या काठवटीला करतात तेच केलं: तडकू नये म्हणून तेल पाजलं. घरची खुरासणी होती, तिचं तेल. तीन दिवस पाजलं. असा काळाभोर चमकायला लागला की मी तो येताजाता हातात घेऊन बघायचो.

सांजेला पाणी भरलं. सकाळी पाहिलं तर पाणी विहिरीचं होतं तसंच.

आबा अंथरुणात बसून होते. "रंग आला का रं?"

बायको चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "आला."

त्यांनी दोन्ही हातांनी प्याला धरला आणि सगळं पाणी प्यायले. म्हणाले, "जड हाय प्याला. चांगला हाय."

मला वाटलं, लाकूड जुनं आहे, वेळ लागेल. दुसऱ्या दिवशी येईल, तिसऱ्या दिवशी येईल. रोज सकाळी आबा विचारायचे आणि रोज मी "आला" म्हणायचो. पाचव्या दिवशी तर "कालच्याहून जास्त आला" असंही म्हणालो. बायको गोठ्यात शेण काढताना म्हणाली, "आवो, मानूस औषद म्हनून पितंय. त्यास्नी किती दिस हिरीचं पानी पाजनार?"

"तुला काय कळतंय लाकडातलं?"

"लाकडातलं न्हाई कळत. पान्यातलं कळतंय," ती म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

परवा माझी नातसून पुण्याहून एक डबी घेऊन आली होती. तिनं वाचून सांगितलं की आत बिवळ्याचा अर्क आहे, लाकडात-सालीत असतात त्या द्रव्यांना फ्लेव्होनॉइड म्हणतात, लोक तब्येतीसाठी त्याच्या गोळ्या घेतात. शब्द मी तिच्याकडून चारदा वदवून घेतला. आम्हाला एवढंच ठाऊक होतं की लाकडातून पाण्यात काहीतरी उतरायला पाहिजे, आणि ते डोळ्याला दिसतं. गोळीला चव काय, विचारलं तर म्हणाली, काहीच नाही. ते मला पटलं नाही. डबी फळीवर आहे.

धनगर म्हाताऱ्याची मधली एक खेप चुकली होती; पाणी सुरू केल्याला पंधरा दिवस झाले तेव्हा तो परत आला. मी गोठ्यात होतो, तिथंच आला. म्हणाला, "दाव बरं प्याला." मी दिला. त्यानं आत अंगठा फिरवला, नाकाला लावला.

"त्येल पाजलंस?"

"काठवटीला पाजतात तसं. तडकू नये म्हनून."

"आरं, काठवटीत पीठ मळायचं, तिच्यातनं काय भायेर याया नगं. ह्यातनं यायचं हाय. सगळी दारं लावून घितलीस आन् पाव्हन्याला आत बोलीवतोस?" मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "रंग आलाय का येक दिस तरी?"

"न्हाई."

"आन् त्याला काय सांगितलंस?"

त्यानं प्याला माझ्या हातात दिला. "त्याला म्या सांगू, का तू सांगतूस?"

"म्या सांगतो."

दिवसभर सांगितलं नाही. जनावरं पाण्यावर नेली, कुंपणाची एक काठी उगाच काढून परत रोवली. पंधरा दिवस आबांच्या पोटात औषधाचा थेंब नव्हता, आणि अंगठ्याची जखम आता काठाला काळी पडू लागली होती. राहिलेल्या तुकड्याचा मी परत प्याला करायचा म्हटलं तर परत अकरा दिवस. सुताराला अर्धा दिवस. हा हिशोब दुसरी शिकलेल्यालाही येत होता.

दिवेलागणीच्या आधी ओट्यावर त्यांच्याजवळ बसलो. म्हणालो, "आबा, पान्याला रंग आलाच न्हाई. म्या खोटं बोललो. त्येल पाजल्यानं बुजलं लाकूड."

ते समोर बघत होते, डोंगराकडं, जो त्यांना दिसत नव्हता. म्हणाले, "ठावं हाय."

"कवापासनं?"

"पयल्या दिसापासनं. आरं, पोरपनी तोंड आलं का आई बिवळ्याचं पानी द्यायची. तुरट आसतंय, जीभ आवळून घेतंय. तुझं पानी हिरीचं, वर खुरासनीचा वास."

"मंग बोलला का न्हाई तुमी?"

"तू रोज म्हनायचास, आला. म्हनलं बघू कवा थकतोय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "दिस माझं जात हुतं. पर थकायचं तुला हुतं."

मला राग आला. स्वतःचा जीव असा माझ्या हट्टापायी पणाला लावायला कोणी सांगितलं होतं, असं म्हणणार होतो. पण मी त्यांचाच मुलगा, तो हट्ट आला कुठून हे दिसत होतं. आबा पुढं चार वर्षं होते. ती चार वर्षं प्याल्यानं दिली, का भात सोडल्यानं, का त्यांच्या हाडानं, ते मला सांगता येणार नाही. ज्याला सांगता येतं त्यानं सांगावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता मी माळ्यावरचा तुकडा खांद्यावर घेतला. पाणंदीनं न जाता सरळ वाटेनं गेलो. सुतार ओट्यावर तोंड धूत होता. त्यानं चूळ टाकली, आधी लाकडाकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"काय, परत रुमनं मोडलं?"

तुकडा त्याच्या पायाशी ठेवला आणि म्हणालो, "आबांसाठी पान्याचा प्याला पायजे, दादा. म्या केला हुता, मला जमला न्हाई."

त्यानं ओल्या हातानंच वाकस उचलला, आणि मी तुकडा दोन्ही हातांनी धरून त्याच्या समोर बसलो.