आबांचा करगोटा

पुण्याला काकांचं दुपारी हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी धाकट्या भावाचं तोंड बघायचंच, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जामनेरहून फोन करकरून माझा जीव खाल्ला. शेवटी मी विमानाची तिकिटं काढली, आणि आमच्या टीचभर विमानतळावर तपासणीच्या दारातच अडकलो.

आबांच्या कमरेला चांदीचा करगोटा. लग्नात घातलेला, आकडा झिजून कधीच घट्ट बसलेला. दार किंचाळलं. पूर्वी इथे पोलीस असायचे. ते धोतराकडे बघून ओळखायचे आणि हातानं चाचपून सोडायचे. आता तपासणी खाजगी कंपनीकडे. गार्ड धुळ्याच्या देवपूरचा निघाला.

"आबा, मना बापना कंबरले बी करगोटा शे," तो हळूच म्हणाला. "पन हात लाईसन तपासानं काम सुपरवायझरनं शे. माले परवानगी नही."

"मग बोलाव ना त्याला!" मी म्हणालो.

सुपरवायझर फोन उचलेना. एकट्यावर कंपनीनं किती दारं टाकली होती देव जाणे. माझं डोकं फिरलं. बाहेरच्या पोलिसाला हाक मारली, तर तो म्हणाला, "आता ते आमच्याकडे नाही, कंपनीला विचारा." कंपनी कुठे, तर मुंबईत! कापायचा म्हटलं तर कात्री नाही. प्रवाशांकडून काढून घेतलेल्या कात्र्यांचा डबा समोरच होता, पण त्याला कंपनीचं सील. कोणावर ओरडावं तेच कळेना, म्हणून मी बिचाऱ्या गार्डवरच ओरडत राहिलो.

आमच्याकडे करगोटा निघतो तो माणूस गेल्यावरच. पलीकडे आमच्या विमानाची शेवटची हाक झाली. आबांनी सदऱ्याखाली दोन्ही हात घातले, एक हिसडा दिला आणि तुटलेली साखळी ट्रेमध्ये टाकली.

"आता तरी जाऊ दे मले भावाकडे," ते म्हणाले.

पुण्यापर्यंत मी धुमसत होतो. आबा कमरेवर हात ठेवून बसले होते, पाणीही प्यायले नाहीत.

हॉस्पिटलात काका भिंतीकडे तोंड करून पडलेले. ऑपरेशनसाठी नर्सनं त्यांचा करगोटा सकाळीच कापला होता.

"आता मी काही उठत नाही, भाऊ," ते रडत म्हणाले.

आबांनी सगळ्यांसमोर सदरा वर केला.

"माहाबी गेला. पाहाय नं इकडे. जित्ता हाये का नाही मी?"