कारध्यापलीकडच्या गावांत शालिनी बरी आहे

शनिवार, १३ डिसेंबर. सकाळी सहाला वर्धा सोडलं, नागपूरला गाडी बदलली, साडेदहाला भंडारा. बाराच्या आत पुष्पाच्या घरी. दुपारी आणखी एका घरी बसलो. संध्याकाळी भंडाऱ्यात परत, लॉजवर मुक्काम.

शालिनी, माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मागच्या वर्षी नोव्हेंबरात स्तनाच्या कॅन्सरने गेली. नागपूरच्या दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर पुष्पा होती. आजार तोच, डॉक्टर तेच, सलाईन लावायचे दिवसही तेच. पुष्पा वाचली. हे वाक्य मी मनात पुष्कळदा म्हटलं आहे, आणि दर वेळी चांगल्या मनाने म्हटलेलं नाही.

वर्षभर तिचे फोन येत होते. "भाऊजी, या न एकदा. माही ड्युटी तर पाहा." मला तिची ड्युटी बघायची नव्हती. ती खरोखर किती बरी झाली आहे ते बघायचं होतं. म्हणून निघालो.

कोणाला जायचं असेल तर सांगतो. नागपूरहून भंडाऱ्याला एसटी सारख्या असतात आणि रस्ता चांगला आहे. शहापूरपाशी ट्रकांमुळे थोडा वेळ गेला, तेवढंच. डिसेंबरात सकाळी खिडकीशी बसणार असाल तर कानाला काहीतरी बांधा. भंडारा बसस्टँडबाहेर उकडलेले शिंगाडे मिळतात, काळे, गरम. सोलताना बोटं रंगतात पण घ्याच. लोक इकडे कोका अभयारण्यासाठी येतात. मी तिकडे गेलो नाही.

बसस्टँडवरून ऑटोने वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा. तिथे पुष्पाचा नवरा देवानंद मोटरसायकल घेऊन उभा होता. पुढच्या गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते पुढे कळेल. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि रचून ठेवलेले धानाचे पुंजणे. कुठे कुठे यंत्रावर धान चुरणं, म्हणजे मळणी, चालू होती, तिची धूळ अंगावर येत होती.

पुष्पाचं घर विहारासमोर आहे. ती दारातच होती. "जय भीम, भाऊजी! किती वाळले तुम्ही!" मी तिचे केस बघितले. वेणी घातली होती, चांगली जाड. शालिनीचे केस परत आलेच नव्हते.

जेवायला भात, पोपटीच्या शेंगांची भाजी आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. देवानंद म्हणाला, "मीठ विसरली पाहा आज. फाईलच्या नादात घरदार विसरते हे."

"तोंड आहे न तुमाले? मांगून घ्यावं," पुष्पा म्हणाली आणि मोठ्याने हसली.

नवरा-बायकोचं हे असं रोजचं भांडण माझ्या घरात वर्षभर झालं नव्हतं. मीठ कमी होतं हे मात्र खरं.

तिची ड्युटी अशी. ऑपरेशननंतर तिचा उजवा हात सुजतो, त्यामुळे धानाच्या रोवणीला जाता येत नाही. मजुरी बंद झाली. मग ती आसपासच्या गावांतल्या बायांना नागपूरला नेऊ लागली. दर मंगळवारी पहाटेची गाडी. कोणाला गाठ असते, कोणाचं ऑपरेशन झालेलं असतं. कोणती खिडकी, कोणता कागद, डॉक्टरला काय विचारायचं, सगळं तिला पाठ आहे. एक संस्था तिला गाडीभाडं आणि थोडं मानधन देते. तिच्या पिशवीत फायली होत्या, फोन सारखा वाजत होता. मी भूमी अभिलेखमध्ये मोजणीला होतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. माझा फोन दिवसभर वाजत नाही.

"हे सगळं मॅडमनीच शिकवलं जी मले," ती म्हणाली. शालिनीला ती मॅडम म्हणायची. "फाईल कशी लावायची, तारखा कशा लिहायच्या. बऱ्या झालो का दोघी मिळून करू म्हणे."

शालिनी हे मला कधी बोलली नव्हती.

दुपारी पुष्पा मला शेजारच्या गावी घेऊन गेली. सेवंताबाई नावाची बाई अंगणात धान पाखडत होती. तिला गाठ आहे. भंडाऱ्याच्या डॉक्टरने नागपूरला जायला सांगून तीन आठवडे झाले, पण ती तयार नव्हती. चाकू लागला की आजार वाढतो, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे काय मॅडमचे मालक?"

"हो," पुष्पा म्हणाली.

"मंग मॅडमले काहून नाही आणलं?"

मला वाटलं, हिला माहीत नसेल. मी पुष्पाकडे बघितलं. ती पिशवीत काहीतरी शोधत होती, मान वर करेना.

"खरं सांगा जी," सेवंताबाई म्हणाली, "पुष्पा सांगते का दोघी बऱ्या झाल्या. बरी आहे न थे?"

तेव्हा समजलं. आयुष्यभर जमीन जेवढी असेल तेवढीच नकाशावर दाखवली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तिचा हात छातीपाशी गेला होता, जिथे गाठ असणार तिथे.

"बरी आहे," मी म्हणालो. "आज शनिवार, सकाळची शाळा असते."

"केस आले?"

"आले. खांद्यापर्यंत."

मग मी थांबलो नाही. पोरांवर ओरडते, डबा घरी विसरते, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते, सगळं सांगितलं. इतकं मी वर्षभरात कोणाशी बोललो नव्हतो. पुष्पा आता माझ्याकडे बघत होती.

"धान चुरून होऊ द्या, मंग पाहू," सेवंताबाई म्हणाली.

"धान तुहा नवरा चुरन. तू मंगळवारी गाडीत बस."

सेवंताबाई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. चहा मात्र टाकला.

परत येताना बांधाबांधाने चालत होतो. मी विचारलं, "कधीपासून सांगताय हे?"

"मॅडम गेल्या त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून." ती थांबली. "एकटी वाचली म्हटलं का बाया म्हणतात, तुह्या कपाळात होतं. दोघी म्हटलं का फाईल काढतात."

"मला विचारायचं तरी."

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

ते खरं होतं. मग ती म्हणाली, "तुम्ही म्हणान तर आजपासून बंद करतो, भाऊजी."

मी पुढे चालू लागलो. राग होताच, पण रागापेक्षा दुसरंच जास्त होतं. किती गावांत शालिनी शाळेत जाते, किती अंगणांत तिची चौकशी होते, आणि माझ्या घरी तिचा फोटो आहे. नवरा मी, आणि ती राहते पुष्पाकडे.

रविवारी सकाळी कारध्याला उतरून नदी बघितली. पाणी संथ होतं. जुना पूल अजून उभा आहे, फोटोसाठी जागा चांगली. मी फोटो काढला नाही. लॉज सातशे रुपये, स्वच्छ, पण गरम पाणी सकाळी आठपर्यंतच मिळतं. दुपारच्या गाडीने निघून अंधार पडायच्या आत वर्ध्याला आलो.

मंगळवारी दुपारी पुष्पाचा मेसेज आला. सेवंताबाई गाडीत बसली. तपासणी झाली, पुढची तारीख मिळाली. खाली लिहिलं होतं, 'भाऊजी, थे मॅडमचा नंबर मांगून राहिली. बोलायचं म्हणते. काय सांगू?'

खरं लिहिलं तर कारध्यापलीकडेही शालिनी गेली, आणि ते कळवणारा मी असतो. पुष्पाला नागपूर, मंगळवार, देवानंद, वेणी, सगळं मिळालं. आता शालिनीही तिलाच द्यायची का, असं वाटलं. अजूनही वाटतं. प्रवास करून आल्यावर मन हलकं होतं असं लोक लिहितात, माझं झालं नाही.

शेवटी लिहिलं, 'मॅडमला फोनवर बोलायला आवडत नाही म्हणून सांगा.' हे मात्र खरं होतं. मग खाली आणखी लिहिलं, 'बाकी सांगता तसं सांगत जा.'

पाठवलं. बाहेर नळ आला होता. बादली लावली आणि भरेपर्यंत तिथेच उभा राहिलो.