मास्तरांचं मशीन आणि लाल माती

निवृत्त झाल्यावर माणसाला घरच्यांचा सहवास मिळतो म्हणतात. घरच्यांना काय मिळतं, ते कुणी विचारत नाही. मास्तरांच्या घरी ते विचारायची गरजही नव्हती. मास्तर म्हणजे कवायतीचे मास्तर. सगळी हयात शाळेच्या मैदानावर गेलेली. मैदान सुटलं, पण 'सावधान' काही सुटलं नाही. चपला कुठल्या दिशेला तोंड करून काढाव्यात, दूध कोणत्या हाताने ढवळावं, दात घासताना कोपर कुठे असावं, यावर दिवसभर मोफत मार्गदर्शन चालू असे. मुलगा लवकर कामावर जाऊ लागला आणि उशिरा परतू लागला. सून दवाखान्यात लोकांचे कान तपासायची आणि घरी आल्यावर स्वतःचे कान कुठे ठेवावेत या विवंचनेत असायची. शेवटी दोघांनी विचार करून मास्तरांच्या वाढदिवसाला मेटल डिटेक्टर आणला. जमिनीखालचा धातू हुडकणारं मशीन. प्रेमानेच आणला, यात शंका नाही. तो घरात बसून वापरता येत नाही, हा आणखी एक गुण.

लांब दांडी, खाली ताटाएवढी चकती, वर बटणं आणि छोटा पडदा. सोबत माहितीची पुस्तिका होती, ती मास्तरांनी न उघडता कपाटात ठेवली. ज्याने गावातल्या निम्म्या लोकांना पाऊल कसं टाकायचं ते शिकवलं, त्याने पुस्तक वाचून मशीन चालवायचं म्हणजे अतीच झालं. सेन्सिटिव्हिटीचं बटण त्यांनी पार टोकाला नेऊन ठेवलं. मशीनने आपली सगळी ताकद लावायला नको का? कवायतीत अर्धा हात उचलणाऱ्या पोराची त्यांनी कधी गय केली नव्हती.

गावाबाहेर लाल मातीची टेकडी होती. मास्तरांनी तिथे चकती जमिनीला लावली मात्र, मशीनने गळा काढला. मास्तरांनी खणलं. खाली माती. पुढे सरकले, पुन्हा गळा काढला. पुन्हा खणलं, पुन्हा माती. सबंध टेकडीच सोन्याची असावी अशा थाटात मशीन ओरडत होतं आणि मास्तर त्याच्या शब्दावर विसंबून खणत होते. काही आठवड्यांत टेकडी देवी येऊन गेलेल्या तोंडासारखी दिसू लागली. सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त पोस्टमनचा पाय एका खड्ड्यात मुरगळला. मास्तरांनी त्याला चालताना नजर कुठे ठेवावी ते समजावून सांगितलं. डोंगर पोखरून उंदीर काढणाऱ्यांची लोक उगीच थट्टा करतात. त्यांना निदान उंदीर तरी मिळाला होता.

शेवटी मास्तरांनी निकाल दिला की मशीन सदोष आहे, परत करायचं. यापुढे आपण घरीच बसणार. त्याच संध्याकाळी सुनेने कपाटातून पुस्तिका काढली आणि जेवायच्या आत ती वाचूनही संपवली. परीक्षेलासुद्धा तिने एवढा अभ्यास केला नसेल.

दुसऱ्या दिवशी तिने फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक काढलं आणि अंगणातल्या मातीत फिरवलं. चुंबकाला काळ्या कणांची दाढी फुटली. तिने सांगितलं की या मातीतच लोह आहे, म्हणून मशीन मातीलाच धातू समजतंय. अंगणातली माती टेकडीवरचीच, पूर्वी भरावासाठी ट्रकने आणलेली. तेव्हा सराव इथेच करू.

सासूबाई, म्हणजे मास्तरांची बायको, लगबगीने बाहेर आल्या. घरच्या मातीत काय ठेवलंय, टेकडीवर कशी मोकळी हवा असते, असं बरंच बोलल्या. इतकी वर्षं त्या टेकडीच्या नावाने नाक मुरडत आल्या होत्या. आज त्यांना तिथली हवा आठवली. पण मास्तर बाहेर पडेनात. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगण खरंच दोषी निघालं होतं आणि ती संधी मास्तर सोडणार नव्हते.

सुनेने आधी धातू नसलेली जागा निवडली. मग ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबून धरायला लावलं आणि चकती जमिनीलगत खालीवर, खालीवर हलवायला सांगितली. मशीन आधी मातीचा आवाज ओळखतं आणि मग तिकडे दुर्लक्ष करायला शिकतं, असं तिचं म्हणणं. दुर्लक्ष कसं करायचं हे या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? किरकिर हळूहळू मावळली. मग तिने सेन्सिटिव्हिटी उतरवायला सांगितली.

मास्तर दुखावले. कमी करायची म्हणजे मशीनला कमी कळणार, असं त्यांनी बजावलं.

"आवाज जास्त झाला म्हणजे जास्त ऐकू येतं असं नाही, बाबा," सून म्हणाली. "उलट हवं ते त्यात बुडतं. दवाखान्यात रोज बघते मी."

मास्तरांनी बटण उतरवलं, चेहऱ्यावर उपकाराचा भाव ठेवून. चकती जमिनीशी समांतर धरून ते हळूहळू झाडू मारल्यासारखी फिरवू लागले. मशीन गप्प होतं. कुंपणापर्यंत गप्पच. लिंबाच्या झाडापाशी आले आणि एकच स्वच्छ सूर उमटला. चकती डावीकडून नेली तरी तोच, उजवीकडून नेली तरी तोच.

सासूबाई अवेळी चहा घेऊन आल्या. चहा निवला. मास्तरांनी वीतभर खणलं आणि मातीत हात घालून एक हिरवट पितळी शिट्टी बाहेर काढली.

या शिट्टीची हकिकत अशी. मुलगा तान्हा असताना मास्तर पहाटे घरात शिट्टी फुंकून सगळ्यांना उठवत. शिस्त पाळण्यात असल्यापासूनच लागते, असा त्यांचा सिद्धांत होता. एके दिवशी शिट्टी नाहीशी झाली. मास्तरांनी तपास केला आणि आदल्या दिवशी घरी येऊन गेलेल्या मेहुण्यावर खापर फोडलं. मेहुणा चष्मे बनवायचा, स्वभावाने मऊ. भरल्या घरात त्याला चोर म्हटलं गेलं. तो उठला, बहिणीकडे एकदा पाहिलं आणि गेला. तेव्हापासून दोन्ही घरांत येणंजाणं बंद होतं.

"ही इथे कशी आली?" मास्तरांनी विचारलं.

"मी पुरली," बायको म्हणाली. "भराव पडत होता तेव्हा. बाळ रोज दचकून उठायचं आणि दुपारपर्यंत रडायचं. तुम्हाला सांगून पाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, सवय होईल."

"आणि तुझ्या भावावरचा आळ?"

"त्याला तेव्हाच सांगितलं होतं मी. तो म्हणाला, राहू दे ताई, बाळाला झोपू दे. चोर झालो तर झालो."

सून मान खाली घालून चुंबकावरचे कण पुसत राहिली. मास्तर मातीतच बसून होते. काहीतरी बोलायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. घरच्यांच्या आठवणीत असं प्रथमच घडत होतं. आपण चुकलो हे कवायतीच्या कुठल्याच हुकमात बसत नव्हतं.

रविवारी ते मेहुण्याच्या दुकानात गेले. मेहुणा कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होता. मास्तरांनी दारातच उभं राहून, नजर भिंतीवर ठेवून, माफी मागितली. मेहुण्याने शांतपणे स्क्रू पिळला आणि म्हणाला की भाऊजी, आत या, चहा घेऊ. त्या चहाच्या वेळी मास्तर फारसं बोलले नाहीत आणि मेहुण्याच्या कोपराकडे त्यांनी पाहिलंही नाही.

येणंजाणं सुरू झालं. आता मेहुणा दर रविवारी येतो आणि दोघं टेकडीवर जातात. आधी जुने खड्डे बुजवतात, मग मशीन सुरू करतात. माती जागोजागी बदलते, म्हणून मास्तर दर थोड्या अंतरावर थांबून चकती खालीवर करतात आणि बॅलन्स नव्याने साधतात. आजवर बाटल्यांची बुचं, नट आणि एक वाकडा चमचा मिळाला आहे. मशीन मेहुण्याच्या हाती दिलं की चकती कशी धरावी याच्या सूचना मात्र मास्तर त्याला अखंड देत असतात. मेहुण्याने त्यावर उपाय शोधला आहे. तो मशीनचे हेडफोन लावून पुढे चालतो आणि मधूनमधून मान हलवतो.