देवाच्या बावीस अटी

"झालं गेलं, जाऊ द्या ना दीदी," असं मला अजून सांगतात. मी जाऊ देत नाही. ज्याने केसाने गळा कापला त्याला मी सगळ्यांसमोर घाम पुसताना पाहिलं आहे, आणि ते आठवलं की मला आजही बरं वाटतं.

इथे हिंदी मुलखात, खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहून, तिथलीच कारकुनी सांभाळून मी तीन वर्षं एक विज्ञान-कादंबरी लिहिली. वेड जुनंच. शहरातल्याच गोरखपूर भागातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कपाटात माणूस यंत्रात शिरून देव होतो अशा जेवढ्या कादंबऱ्या होत्या, त्या सगळ्या मी वाचून संपवल्या होत्या. पण देव व्हायचा मान दर वेळी कुणा राजपुत्राला, नाहीतर थोर शास्त्रज्ञाला. माझ्या आईने तीस वर्षं दवाखान्याच्या फरश्या पुसल्या. तिच्यासारखीला कधीच नाही. म्हणून माझ्या कादंबरीत एका सफाईवालीचं मन महायंत्रात जातं, पृथ्वी तिच्या हुकमात येते आणि लोक आरतीची ताटं घेऊन धावतात. पण यंत्र सुरू होण्याआधी तिला बावीस अटी बोलाव्या लागतात. मी स्वतःला देव मानणार नाही. माझी पूजा होऊ देणार नाही. अशा.

आम्ही बौद्ध. दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा आमच्या घरात पाढ्यांच्या आधी पाठ होतात. मी त्याच क्रमाने, त्याच चालीवर देवालाच प्रतिज्ञा घ्यायला लावल्या, एवढंच.

मंडळाचे सचिव मोठे वाचक म्हणून प्रसिद्ध. मी त्यांना कादंबरीची माझी एकुलती एक वही वाचायला दिली. मूर्खपणा माझाच. वर्षभर ते म्हणत राहिले, "वाचून राहिलो ना, घाई काहून करता?" मग गणेशोत्सवाची स्मरणिका आली. त्यात माझी कादंबरी होती, कापून दीर्घकथा केलेली आणि सचिवांच्या नावाने छापलेली. सफाईवालीचा ऋषिकुळातला शास्त्रज्ञ झाला होता. बावीस अटी मात्र जशाच्या तशा. त्या कुठून आल्या हे ओळखायला त्यांनी आमच्यापैकी कुणाच्या घरी कधी चहा तरी घ्यायला हवा होता.

जाब विचारला तर म्हणाले, "वही केव्हाच परत केली. आणि कल्पना काय, कुणालाही सुचतात." कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. मी रडले नाही.

उत्सवात सचिव ती कथा मंचावरून वाचणार होते. मी विहारातल्या पंधरा बाया आणि आईला घेऊन गेले. आई म्हणाली, "त्यांच्या गणपतीत आपलं काय काम?"

"आहे. गोष्ट ऐकायची." याहून जास्त मी कुणालाच काही सांगितलं नाही.

आम्ही पहिल्या रांगेत बसलो. सचिव अगदी रंगून वाचत होते. पहिली अट आली तशा बायांनी एकमेकींकडे पाहिलं. तिसरीला आई हात जोडून उभी राहिली. प्रतिज्ञा चालू असताना आमच्यात कुणी बसून राहत नाही. मग सगळ्याच उठल्या. सचिव अट वाचत, बाया मागोमाग मूळ प्रतिज्ञा म्हणत. सातव्या अटीला सचिव थांबून घाम पुसू लागले. बाया थांबल्या नाहीत, बावीसपर्यंत गेल्या.

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे सचिवजी, ये तो इनकी प्रतिज्ञा है! तुम्हाला कुठून सुचली?"

"ते... दीदींशी चर्चा झाली होती. थोडी प्रेरणा..."

मी मंचावर चढले. "प्रेरणा नाही. माझी वही."

त्यांनी माइकवर हात ठेवून हळूच विचारलं, "माफी मागू का?"

माफी मला नकोच होती. "पहिल्यापासून वाचा," मी म्हटलं. "लेखिका म्हणून माझं नाव घेऊन. आणि शास्त्रज्ञ आला की सफाईवाली म्हणा."

लोक बसून राहिले होते, त्यामुळे सचिवांना वाचावंच लागलं. मी शेजारीच उभी राहिले. आरतीच्या प्रसंगाला मी त्यांना थांबवलं. तिथलं एक वाक्य त्यांनी गाळलं होतं. ते मी सांगितलं आणि त्यांनी माझ्यामागोमाग म्हटलं, "ओवाळू नका मला. फरशी ओली आहे, पाय पुसून आत या."

वाक्य आईचं होतं. दवाखान्यात तीस वर्षं ती ते म्हणत आली आणि कुणी पाय पुसले नाहीत. मी ते सचिवांकडून तीनदा म्हणवून घेतलं.