सहाच्या बसमधलं रोम

कुवेतमध्ये खिडक्या कितीही घट्ट लावा, वाळू घरात येतेच. कंपनीच्या बसमध्ये वर्षानुवर्षं बसणाऱ्याकडे किस्से असेच साठतात. आमची बस नव्वदच्या दशकात अब्बासियाहून सकाळी सहाला सुटायची. हजेरीची यादी एका इन्चार्जकडे असायची. कुणासाठी थांबायचं ते तोच ठरवायचा. बस चुकली की लेट मार्क, आणि तीन लेट मार्क झाले की सुट्टीच्या रांगेत शेवटचा नंबर!

*

पुण्याचे दातारसाहेब बसमध्ये एका प्राचीन रोमन इतिहासकाराचा जाडजूड ग्रंथ वाचायचे. सम्राट कसे बिघडतात, हा त्यातला विषय. "याचा राग सम्राटांवर कमी आहे," ते सांगायचे, "माना डोलावणाऱ्यांवर जास्त आहे."

आम्ही माना डोलवायचो.

*

तेव्हा इन्चार्ज होता मुंबईचा सावंत. पहिला आठवडा तो सगळ्यांसाठी थांबला. दुसऱ्या आठवड्यात पुढची सीट त्याची झाली. महिन्याभरात तिच्यावर उशी आली. एसीही तोच ठरवू लागला, आणि मागे घाम पुसणारे "एकदम बरोबर आहे" म्हणायचे.

दातारसाहेब म्हणाले, "दोन हजार वर्षांत फक्त उशी नवी आहे." या वाक्याचे त्यांना दोन लेट मार्क पडले.

*

सावंत अबू हलीफाला राहायला गेला, त्याची बस बदलली. निरोपाला आम्ही केक कापला. बस वळायच्या आत "तसा उर्मटच होता" सुरू झालं. सगळ्यात मोठ्याने मीच म्हणत होतो. उशीही मीच आणून दिली होती.

*

मग यादी दातारसाहेबांकडे आली. आता रामराज्य! उशी पहिल्याच दिवशी गेली.

एका सकाळी धुळीच्या वादळात मला दोन मिनिटं उशीर झाला. मी हात हलवत धावत होतो. साहेबांनी मला पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि बस गेली. माझा तो तिसरा मार्क. नाशिकला चार महिन्यांची मुलगी होती, तिला मी अजून पाहिलंही नव्हतं. गणपतीची सुट्टी डिसेंबरवर गेली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

साहेब म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. एकदा अपवाद केला की सत्ता बिघडते." त्यांचं चुकलं होतं असंही म्हणता येत नव्हतं.

*

पुढच्याच महिन्यात पुण्यात साहेबांच्या मुलीचं लग्न होतं. निघण्याच्या आठवडाभर आधीच यादी त्यांनी माझ्याकडे सोपवली. म्हणाले, तू नियमाचा चटका खाल्लायस, तूच नीट सांभाळशील. मी पुढच्या सीटवर बसू लागलो. यादी लिहायला तिथे बरं पडतं.

ते निघायच्या आदल्या दिवशी गल्लीच्या टोकाला दातारसाहेब धावताना दिसले. एका हातात डबा, काखेत तो ग्रंथ. ड्रायव्हर मुकादमभाई, रत्नागिरीचे, आरशात बघून म्हणाले, "साहेब येतायत. थांबवू काय?"

मी यादीत त्यांच्या नावापुढचे दोन मार्क पाहिले, घड्याळ पाहिलं. मग मागे वळून सगळ्यांना विचारलं, "सहा वाजले ना?"

सगळ्या बसने मान डोलावली.