मालकाच्या जवाला एरंडेल

१९६१ साली मी एकतीस वर्षांचा होतो आणि एका खोलीपायी माझा जीव टांगणीला लागला होता. खोली माझ्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर होती. तिच्यात माणूस राहत नव्हता, धान्य राहत होतं.

जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखपासून सायकलने अर्ध्या तासावर ते गाव. पुण्याच्या कारखान्याने मला लेथचं काम शिकायला वर्षभरासाठी पाठवलं होतं. इथल्या फोरमनला माझा हात आवडला, म्हणून तिसऱ्या वर्षीही मी तिथेच. शाळा चौथीपर्यंत. बरोबर आलेले इंजिनियर जर्मनच्या शिकवणीला जायचे, मला कुणी पाठवलं नाही. मी लेथवर ऐकून ऐकून शिकलो. चुकीचं बोलत असेन, पण माझं काम कधी अडलं नाही.

मला बायकोला आणायचं होतं. कचेरीत म्हणाले, दोघांना पुरेल एवढी जागा आहे असं घरमालकाच्या सहीचं बेशाइनिगुंग आणा, म्हणजे दाखला. माझी खोली अशी की पलंग टाकल्यावर दार अर्धंच उघडायचं. वरची खोली मिळाली असती तर प्रश्न मिटला होता. पण मालक म्हणायचा, "तिथे माल्झ आहे."

"मग हलवा."

"कुठे?"

एवढंच बोलणं आमच्यात त्या वर्षी पंधरा वेळा तरी झालं असेल. सोळाव्या वेळी मी विचारायच्या आधीच तो "माल्झ" म्हणाला आणि घरात गेला.

माल्झ म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. बाळाला सत्त्व करायला आपण नाचणी करतो ना, तसाच. त्या भागात लोक घरची बिअर करायचे. गावाची एक सामायिक भट्टी होती, तिथे पाळीपाळीने एकेक घर आपली बिअर उकळायचं. माझा मालक वर्षभराचा जव एकदम भरायचा, आठ पोती. तळघरात ओल, गोठ्यात उंदीर. कोरडी जागा म्हणजे ती एकच खोली, कारण तिच्या भिंतीतून धुराडं जायचं. माझ्या बायकोला जी ऊब मिळायला हवी होती ती जवाला मिळत होती. आणि एवढं करून त्याला टोके लागायचेच. दरवर्षी एखाददुसरं पोतं पोकळ व्हायचं, मालक शिव्या देत ते डुकरांपुढे ओतायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसंच पोत्यात भरून ठेवायचा. हे बघून माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. अहो, धान्य असं ठेवतात का?

शेवटी ऑक्टोबरात मी म्हणालो, "आठ पत्र्याची पिंपं द्या. जिन्याखालच्या बोळात ठेवतो. एक टोका दिसला तर माझं नाव बदला."

मालकीणबाई हसल्या. मालक हसला नाही. म्हणाला, "इस्टरपर्यंत किडा दिसला नाही, तर खोली तुमची. सही करतो. दिसला, तर पुन्हा खोली हा शब्द काढायचा नाही."

"गेनाऊ," मी म्हणालो, म्हणजे अगदी बरोबर. हा शब्द मला फार आवडायचा. एकदा म्हटला की पुढचा माणूस गप्प बसतो.

आता आमच्याकडे गहू, तांदूळ, डाळ भरायची तर काय करतात? ऊन देतात आणि एरंडेल चोळतात. आईला करताना मी शंभरदा पाहिलं होतं. त्या फ्रांकेन भागात नोव्हेंबरात ऊन कुठून आणणार? राहिलं एरंडेल. ते औषधाच्या दुकानात लहान बाटलीत मिळायचं. पहिल्या दिवशी मी दोन बाटल्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी तीन मागितल्या तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे दयेने पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याने बाटल्या दिल्या आणि डॉक्टरचा पत्ताही दिला. मला राग आला, पण जर्मनमध्ये कसं समजावणार की हे जवासाठी आहे? आणि समजावून त्याला ते खरं वाटलं असतं का?

दोन रविवार मी जमिनीवर मांडी घालून जव चोळत होतो. मालक त्या वेळी चर्चमध्ये. त्याला सांगितलं नाही. का सांगायचं? आधी एकदा जवात राख मिसळू म्हणालो होतो तेव्हा दिवसभर तोंड वाकडं करून फिरत होता. काम माझं, पैज माझी.

हिवाळाभर तो दर शनिवारी पिंपाचं झाकण काढायचा, हात खोल घालायचा, मूठ भरून खिडकीशी न्यायचा. किडा नाही. म्हणायचा, "यंदा माल्झ चमकतंय." मी झाकण परत लावायचो.

फेब्रुवारीत त्यांची पाळी आली. तीन पिंपांचा जव भट्टीवर गेला. मार्चअखेर बिअरचं पहिलं पिंप फोडलं, शेजारी जमले, मालकाने आपला मग भरला. मगात पिवळं पाणी असावं तशी बिअर. वर फेसाचा टिपूस नाही. कुणाचं पोट बिघडलं नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर लोक भलतंच समजतात. चवही वाईट नव्हती. पण तिकडे बिअरवर फेस नसणं म्हणजे लग्नात नवरदेवाच्या कपाळाला मुंडावळ्या नसणं. शेजारी नुसते मगात बघत राहिले. ते बोलण्याहून वाईट.

मालकाने खापर बायकोवर फोडलं. तिने मग नीट विसळले नाहीत, डुकराच्या चरबीचा हात लागला असणार. बिचारीने सगळे मग सोड्याने धुतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेस नाही, पुन्हा दोष तिलाच. जेवताना मग, झोपताना मग. बाईच्या हाताची सालटं निघाली तरी याचं तोंड चालूच. मला वर माझ्या खोलीत ऐकू यायचं आणि मी मालकाच्याच नावाने बोटं मोडायचो. किती बोलावं माणसाने.

मग एका संध्याकाळी मी स्टोव्हवर डाळ लावली. फेस वर चढायला लागला, उतू जाणार, म्हणून नेहमीसारखा तेलाचा थेंब टाकला. फेस खाली बसला.

मी पण खाली बसलो.

रविवारी एर्लांगेनला गेलो. तिथे आपल्याकडचा एक मुलगा रसायनात डॉक्टरेट करत होता. माझा दाखला त्यानेच टाइप करून दिला होता, फक्त सहीची जागा रिकामी. त्याला सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला.

"अहो टर्नरसाहेब, आम्ही इथे चार वर्षं घासतोय, आणि तुम्ही आठ पोत्यांवर प्रयोग करून मोकळे."

"तेलाने फेस मरतो का, एवढं सांग."

"मरतो. तुमच्या आईला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं." मग हसणं थांबवून म्हणाला, "ऐका. इस्टर आठ दिवसांवर आहे. सही होऊ द्या, वहिनी येऊ द्या, मग काय ते सांगा."

सल्ला शहाण्याचा होता. मी आठ दिवस तो पाळलाही. इस्टरच्या सोमवारी संध्याकाळी मालकाने मला खाली बोलावलं, दाखला टेबलावर ठेवला, पेनचं टोपण काढलं. मालकीणबाईंनी त्याच्यापुढे मग ठेवला. त्याने तो उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि म्हणाला, "पुन्हा चरबी."

बाईंनी हात ॲप्रनखाली घेतले.

मला सहन झालं नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. वैताग म्हणून. मी म्हणालो, "चरबी नाही. तेल आहे. जवाला मी लावलंय, सगळ्या पिंपांना."

मालकाने पेन खाली ठेवलं. एकदा मगाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या माल्झला तेल."

"आमच्याकडे असंच ठेवतात. किडा लागत नाही."

"तुमच्याकडे बिअर करतात?"

"नाही."

"आल्झो," तो म्हणाला, म्हणजे 'झालं तर मग', आणि दाखला माझ्याकडे सरकवला. तसाच, कोरा.

मी उठलो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "किडा दिसला का?"

"काय?"

"पिंपात. किडा दिसला का तुला?"

"किड्याचं काय घेऊन बसलीस, इथे पाच पिंपं डुकरांना—"

"दिसला का नाही?"

"नाही."

"मग सही कर. बोलणं किड्याचं झालं होतं, फेसाचं नव्हतं." आणि मग मऊ आवाजात म्हणाल्या, "आणि माझ्या मगांबद्दल काय म्हणायचंय तुला, तेही आता ह्यांच्यासमोरच म्हण."

तो जे पुटपुटला ते मला कळलं नाही. बाईंना कळलं असावं, कारण त्यांनी पेन उचलून त्याच्या हातात दिलं. त्याने इतक्या जोरात सही केली की कागदाला शेवटी भोक पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन वर्षांत पहिल्यांदा फोरमनकडे उशिरा येण्याचा निरोप धाडला, भोकासकट तो कागद सदऱ्याच्या आत ठेवला, आणि कचेरी उघडायच्या तासभर आधी दाराशी जाऊन उभा राहिलो.