रविवारचं पंक्चर

समोरच्या बंगल्यातल्या मुलीची सायकल दर रविवारी पंक्चर असते. मग बाप-लेक अंगणात बसून ट्यूब पाण्यात बुडवतात, तीही घरातल्या परातीत.

"कणीक काय आता बादलीत मळू?" आई खिडकीतून करवादते.

"बाबा, बुडबुडे!" लेक किंचाळते.

मी गॅलरीत चहा पीत बघत बसते. मुलगी दहावीत गेली की बापाला तिच्याशी बोलायला विषय सापडत नाही. इथे मात्र एवढंसं भोक तासभर पुरतं. आमच्या रस्त्यावर इतके खिळे येतात तरी कुठून, याचंच मला नवल वाटायचं.

काल शनिवारी संध्याकाळी तिचे वडील एकटेच सायकलपाशी उकिडवे बसलेले दिसले. हातात दाभण होता. मला पाहून त्यांनी हळूच ओठांवर बोट ठेवलं.